पद्मिनी गेली, मिस्त्री मागे राहिले

३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायद्याने उरली नाही. ताडदेवच्या आरटीओत काळी-पिवळी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचेच आयुष्य मिळते, आणि ते त्या दिवशी भरले. त्याच्या दीड महिना आधी बेस्टची जुनी डिझेलवर चालणारी डबलडेकर बसही कायमची डेपोत गेली होती. वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या छापल्या, लोकांनी फोटो काढले, जुन्या आठवणी निघाल्या आणि विषय संपला.

आमच्या घरांसाठी मात्र तो इतक्या लवकर संपणारा विषय नाही. या गाडीच्या चाकावर आमच्यातली असंख्य घरे चालली. कोणाचे अब्बा शिफ्टवर टॅक्सी चालवत, कोणाचे मामू नागपाड्यात फिटर होते, कोणाचे चाचा कुर्ल्याच्या भंगार बाजारात सुटे भाग विकत, कोणी डेंटर, कोणी पेंटर, कोणी सीटचे शिवणकाम करणारा. कोकणातून आलेले होते, मराठवाड्यातून आलेले होते, उत्तर प्रदेशातून आलेले तर होतेच. गाडी गेली म्हणजे नेमके काय गेले, आणि जे मागे राहिले त्याचे काय करायचे, याचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्हाला वाटते.

कुर्ल्याची गाडी

पद्मिनी ही मुंबईचीच लेक. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवातीला तिथे अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. तिच्या पुढच्या घाटावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर गाडीचे नाव काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाले आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी'. नाव बदलले तरी मुंबईकरांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली.

गाडी साधी होती. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, ताकद साधारण चाळीस अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, त्यामुळे पुढची सीट एकसंध बाकासारखी. मागे पाट्यांची सस्पेन्शन, टपावर सामानाचे कॅरियर. कोलकात्याला उत्तरपाड्याच्या कारखान्यातली अॅम्बॅसॅडर टॅक्सी झाली, तशी मुंबईला कुर्ल्याची फियाट. कारखाना शहरातच असल्याने सुटे भाग आणि कारागीर दोन्ही जवळ. शिवाय अॅम्बॅसॅडरपेक्षा अंगाने लहान असल्यामुळे भेंडीबाजार, डोंगरी, मदनपुऱ्याच्या गल्ल्यांतून ती सहज वळत असे.

हज यात्रेकरू जहाजाने जात त्या काळात, म्हणजे १९९५ पर्यंत, गावाहून रेल्वेने आलेली कुटुंबे पेट्या-बिस्तरे टपावर बांधून साबू सिद्दीक मुसाफिरखान्याकडे आणि तिथून गोदीकडे जात, ती बहुधा याच गाडीतून. लग्नाची वरात, बाळंतपणाची घाई, मय्यतीला गावी पोहोचण्याची धावपळ या सगळ्यांत ती होती. मुजफ्फर अली यांच्या १९७८ च्या 'गमन' चित्रपटात फारुख शेख यांनी उत्तर प्रदेशातून मुंबईला येऊन टॅक्सी चालवणारा गुलाम हसन रंगवला. गावी आई आणि पत्नी वाट पाहतात आणि इथे मीटरच्या हिशेबात गावी जाण्याचे भाडे जमत नाही, अशी त्याची कहाणी. आमच्यातल्या अनेकांनी तो चित्रपट पाहिला नसेल, पण ते आयुष्य मात्र जवळून पाहिले आहे.

ती का हरली?

गाडीवर प्रेम असले तरी खरे बोलले पाहिजे. पद्मिनी सरकारी नियमांच्या आड वाढली आणि त्याच आडोशाने तिला कमकुवत केले. परवाना राजच्या काळात किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवत असे. बाहेरून गाडी आणणे जवळजवळ अशक्य. ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर येण्याची वाट पाहत. दाराशी रांग लागलेली असताना दुकानदार माल सुधारण्याच्या भानगडीत पडत नाही. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तीच गाडी, बाहेरून थोडेफार बदल करून, विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलकी, कमी पेट्रोल खाणारी, सकाळी चोक ओढून मिनतवारी न करता सुरू होणारी. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई ही नवी गाडी काढून पाहिली. तिला निसानचे इंजिन होते, पण बांधा जुन्या फियाट १२४ चाच. १९९१ नंतर बाजार खुला झाला. प्रीमियरने प्युजो आणि पुन्हा फियाट अशा दोन परदेशी कंपन्यांशी भागीदारी केली, पण त्यातून कंपनी सावरली नाही. पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले. कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला आणि पुढे फियाटनेही आपले काम पुण्याजवळच्या रांजणगावला हलवले. आज कारखान्याच्या जागेवर इमारती उभ्या आहेत. 'प्रीमियर रोड' हे नाव तेवढे उरले आहे.

टॅक्सीच्या बाबतीत हवेचा प्रश्नही होता. जुन्या इंजिनांचा धूर मुंबईच्या छातीत जात होता. न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, डिकीत सिलिंडर बसला आणि सामान पूर्णपणे टपावर गेले. नंतर वयाची मर्यादा आली, आधी पंचवीस वर्षे, मग वीस. हळूहळू सँट्रो, वॅगनआर, ओम्नी, ईको यांनी जागा घेतली. हे निर्णय चालकांना जड गेले, पण ते अन्यायाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. सिग्नलला उभ्या टॅक्सीचा धूर फूटपाथवर खेळणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात जातो, तेव्हा ते मूलही आपलेच असते.

कंपनी गेल्यावर गाडी कोणी चालवली?

इथे खरी कहाणी सुरू होते. कारखाना बंद झाल्यावरही ही गाडी टॅक्सी म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ धावली. कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही, अधिकृत सुटे भाग नाहीत, तरी रोज सकाळी हजारो गाड्या स्टँडवर हजर. हे कसे झाले? हे केले मिस्त्रींनी.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा भंगार बाजार, ऑपेरा हाऊसची सुट्या भागांची दुकाने, चोर बाजार, नागपाड्यातली गॅरेजे, पुण्याचा जुना बाजार ही या गाडीची खरी सर्व्हिस सेंटरे. एक टॅक्सी मोडीत निघाली की तिचा गिअरबॉक्स दुसरीत, दरवाजा तिसरीत, रेडिएटर चौथीत. जो भाग मिळतच नाही तो लेथवर घडवायचा. ब्रेकच्या शूला नवीन लायनिंग चिकटवायचे. सिलिंडर झिजला की रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे. दुसऱ्या गाडीचा भाग घासून-कातून बसवायचा. पाटा बसला की पाटेवाल्याकडे नेऊन त्याला पुन्हा बाक आणायचा. इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट सैल आहे की पॉइंट जळाला आहे हे सांगणारे उस्ताद आजही आहेत. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते बारा-तेरा वर्षांच्या वयात पाने पुसता पुसता, उस्तादाच्या शिव्या खात, हाताने हातात आलेले आहे.

पण या व्यवस्थेचा एक गुपित आधार होता, तो म्हणजे टॅक्सी. मुंबईत टॅक्सींची संख्या एके काळी साठ हजारांच्या घरात होती आणि त्यांत पद्मिनीचेच राज्य होते. इतक्या गाड्या रोज झिजत म्हणून छोट्या कारखानदाराला रबरी बूट, गॅस्केट, क्लच प्लेट, केबल तयार करणे परवडे. घरच्या गाडीचा मालक त्याच बाजारात जाऊन आपले काम भागवून घेई. टॅक्सी मोडीत निघू लागल्या तेव्हा काही वर्षे उलटेच घडले. भंगारात भागांचा पूर आला, सगळे स्वस्त झाले आणि लोकांना वाटले की आता काळजी नाही. तो पूर ओसरला की विहीर आटते. जुने भाग संपतात आणि गिऱ्हाईक उरले नाही म्हणून नवीन कोणी बनवत नाही. आज पद्मिनीचा चांगला सुटा भाग शोधणाऱ्याला दुकानामागून दुकान हिंडावे लागते, त्याचे कारण हे आहे. जिच्यामागे रोजी मिळवणाऱ्यांची फौज होती ती गाडी आता हौशी लोकांच्या हातात आली आहे, आणि हौसेवर बाजार चालत नाही.

दारात अजून पद्मिनी असेल तर

टॅक्सीवर बंदी आली, खाजगी गाडीवर नाही. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायचीच नाही हा नियम दिल्ली परिसराचा आहे, महाराष्ट्राचा नाही. इथे पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली आणि त्यानंतर जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढली. म्हणून जाण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. जुन्या गाडीच्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटे आणि रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात. नळीतून गळलेले पेट्रोल गरम इंजिनावर पडले तर आग लागू शकते. म्हणून नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्याव्यात, दर काही महिन्यांनी तपासाव्यात आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये. ड्रम ब्रेक असल्याने गाडी आजच्या गाड्यांसारखी जागेवर थांबत नाही. एअरबॅग नाहीच. मुलांना घेऊन द्रुतगती मार्गावर जाण्याची ही गाडी नव्हे. शुक्रवारी नमाजला, ईदला नातेवाइकांकडे, गावातल्या गावात एवढेच तिचे काम ठेवावे.

दोन गोष्टी घरोघरी राहून जातात. पहिली, गाडी अब्बांच्या किंवा दादांच्या नावावर असते, ते अल्लाहला प्यारे होतात आणि कागद तसाच राहतो. कायद्याप्रमाणे मृत्यूची माहिती तीस दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची असते. शिवाय गाडी जुनी असली तरी ती तरक्यातच मोजली जाते. धाकट्या भावाने आवडीने ठेवून घेतली तर तिची योग्य किंमत धरून बहिणींचा हिस्सा द्यावा. "भंगारच तर आहे" म्हणून बहिणीला विचारलेच नाही, असे होऊ नये. तिने खुशीने सोडला तर गोष्ट वेगळी, पण आधी विचारायला हवे.

दुसरी, गाडी भंगारात देताना नुसती भंगारवाल्याच्या हवाली करू नये. सरकारमान्य स्क्रॅप केंद्राला देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर तुमच्या नंबरची पाटी दुसऱ्याच गाडीवर फिरते आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

सचोटीचा प्रश्न

सुटे भाग दुर्मिळ झाले की बाजारात दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एक, जो मिळेल तो भाग शोधून, घडवून गिऱ्हाइकाचे काम करतो. दुसरा, डुप्लिकेट भागाला जुने डबे चिकटवून 'कंपनीचा माल' म्हणून विकतो. ब्रेकच्या बाबतीत हा खेळ जिवावर बेततो. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही, असे पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी विक्रेत्याला विचारल्याची हदीस आपण सर्वांना माहीत आहे. ती फक्त धान्यवाल्यांसाठी नाही. गाडी विकताना खालचा पत्रा गंजून गेलेला आणि वरून पुट्टी भरून रंगवलेला असेल, तर तीही राशीखालची ओलच. घेणाऱ्याने वाकून गाडीखाली पाहावे, पण विकणाऱ्याने आधी सांगावे.

आम्ही हे सुनावण्यासाठी लिहीत नाही. या धंद्यात नेकीने वागणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत, ज्यांनी "हे काम माझ्याने होणार नाही, त्या अमुक उस्तादाकडे जा" असे म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवले. अशा माणसांच्या रोजीत बरकत राहते.

हात रिकामे राहू नयेत

सर्वांत मोठा प्रश्न माणसांचा. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे एकाच गाडीवर हात बसवला, त्यांच्यासमोर आता सेन्सर, इसीयू, स्कॅनर आणि बॅटरीवरच्या गाड्या आहेत. आवाज ऐकून आजार सांगणारा उस्ताद लॅपटॉपसमोर गप्प होतो. त्याचा मुलगा हे पाहतो आणि म्हणतो, "अब्बा, मला या धंद्यात नाही यायचं." मुलाची चूक नाही. पण ग्रीसने काळ्या झालेल्या हातांची आपल्याच घरात लाज वाटू लागणे हे मात्र चुकीचे. हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत आणि अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले होते, हे आपल्या मुलांना मदरशात शिकवले जाते. घरातही शिकवावे.

धंदा बदलतो, पण लोखंडाची जाण वाया जात नाही. पाटा, ब्रेक, बेअरिंग, स्टिअरिंग बॅटरीवरच्या गाडीलाही असतात. मुलाला मिस्त्री व्हायचे असेल तर बारा वर्षांच्या वयात गॅरेजमध्ये लोटू नये. दहावी होऊ द्यावी, मग आयटीआयचा 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा कोर्स करू द्यावा. पुढे डिप्लोमा, डिग्रीही आहे. अंजुमन-ए-इस्लामच्या भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जात आले आहे. आणि सुट्टीत त्याने अब्बांच्या गॅरेजमध्येच बसावे. तिथे जे मिळते ते वर्गात मिळत नाही.

वय झालेल्या मिस्त्रींसाठीही वाट आहे. कागद नसला तरी हातात असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. असे प्रमाणपत्र असलेला माणूस मोठ्या वर्कशॉपमध्ये किंवा परदेशी नोकरीसाठी अर्ज करताना 'अशिक्षित' ठरत नाही. मोहल्ल्यातल्या बैतुलमालने आणि अंजुमनांनी कर्जे-हसना देताना लग्न आणि आजारपणाबरोबर एखाद्या मिस्त्रीच्या स्कॅनरचाही विचार करावा. एक यंत्र चार गॅरेजवाल्यांनी मिळून घेतले तरी चालते.

टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने एखादी पद्मिनी संग्रहालयात ठेवावी अशी मागणी सरकारकडे केली होती. ती जरूर ठेवावी. मुलांना दाखवायला बरी. पण गाडी काचेच्या मागे ठेवता येते, उस्तादाचे हात नाही ठेवता येत. त्यांच्यातले जे आज आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ मुलांनी बसावे, कार्बोरेटर कसा खोलतात ते विचारावे, मोबाइलवर त्याचे चित्रण करावे. पाना कसा धरायचा, नट किती आवळायचा आणि कुठे थांबायचे हे शिकून घ्यावे. पुढे गाडी कोणतीही येवो, हे उपयोगी पडेल, इन्शाअल्लाह.

अल्लाह आपल्या सर्व कष्टकऱ्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.